भालकी स्टेशनवरचे मामा

माझे आजोळ भालकीचे. "हे कुठे आले?" असे गोव्यात हमखास विचारतात. बिदर जिल्ह्यात, विकाराबाद-परळी रेल्वेमार्गावर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि हैदराबाद संस्थानातला जुना बिदर जिल्हा फुटला. भालकी म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेली, याच मार्गावरचे उदगीर मुंबई राज्यात. रूळ तेवढे अखंड राहिले.

सत्तरच्या दशकात मे महिन्याच्या सुट्टीत मी दुपारभर स्टेशनवर पडीक असे. मास्तरसाहेब तेलुगू, पॉइंट्समन कानडी, हमाल दखनी बोलणारा आणि मी मराठी. आजोळी सगळेच मामा, तसा पॉइंट्समनही मामा झाला.

मार्ग एकेरी. ड्रायव्हरच्या हाती पोलादी गोळा पडल्याशिवाय गाडी पुढे जात नसे. दोन स्टेशनांतली यंत्रे तारेने जोडलेली. पलीकडच्या मास्तरांनी संमती दिल्याशिवाय गोळा निघत नसे आणि एक बाहेर असताना दुसरा मिळत नसे. तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालून, मोठ्या कड्याला अडकवून मामा फलाटावर हात उंचावून उभे राहत. मी कितीही हट्ट केला तरी त्यांनी मला त्या गोळ्याला हात लावू दिला नाही. त्याबदली कानडी शब्द दिले. बा म्हणजे ये, नीरु म्हणजे पाणी. एकदा दूरवर धूर दिसताच मी "गाडी बंतु!" असे ओरडलो, तेव्हा मास्तरसाहेबसुद्धा हसत बाहेर आले.

स्टेशनच्या पाटीवरची देवनागरी अक्षरे मी मराठी समजून वाचायचो, मामा त्यांना हिंदी म्हणायचे. त्यावरून आमचे भांडण कधी झाले नाही.

मराठीचा अभिमान मी कधी लपवलेला नाही. सीमाभागातल्या मराठी माणसाला आपल्या भाषेत शाळा हवी, सरकारी कागद हवेत, ही मागणी मला रास्तच वाटते. पण शेजाऱ्याची भाषा आली की आपली पातळ होते, हे मात्र पटत नाही. माझी झाली नाही. मला कानडी पुस्तकातून आली नाही, राबणाऱ्या माणसाच्या मायेतून आली.

म्हणूनच आपल्या गोव्यात, मडगावच्या बाजारात, ओझे वाहणाऱ्या कानडी माणसाला कुणी "ए घाटी" अशी हाक मारतो तेव्हा मला मान खाली घालावीशी वाटते. साहित्य संमेलनात भाषाप्रेमाची भाषणे ठोकणारी आपलीच माणसे हे बोलतात! त्या माणसाच्या गावीही एखादे स्टेशन असेल आणि तिथे सुट्टीत आलेल्या एखाद्या मराठी पोराचा तो मामा असेल.

मंडळी, एकदा त्याला "ऊटा आयिता?" असे विचारून बघा. जेवण झाले का, एवढाच त्याचा अर्थ. मामा मला रोज हेच विचारायचे.