सायकलच्या दुकानाचे खेळते भांडवल

1 नोव्हेंबर 2000 रोजी रायपूर नव्या राज्याची राजधानी झाले आणि शहराचा वेग वाढला. जी. ई. रोडवर मोटारींची गर्दी झाली. तरी सकाळी कामावर निघालेला मजूर आणि शाळेतून परतणारी मुलगी आजही सायकलवर दिसतातच. मग त्यांच्या चाकाचा आऊट काढून देणारे छोटे दुकानच का मोडकळीस यावे?

दोष केवळ मोटारसायकलचा नव्हे. नव्या सायकलच्या विक्रीत नफा, दुरुस्ती हा जोडधंदा, असे या दुकानाचे गणित असे. छत्तीसगडमध्ये 2004-05 पासून सरस्वती सायकल योजनेतून नववीतील गरजू मुलींना मोफत सायकली मिळू लागल्या. योजना निःसंशय स्तुत्य आहे. परंतु शासनाची ही खरेदी एकगठ्ठा होते. गल्लीतील दुकानदाराच्या वाट्यास येते ते पुढे पंक्चर काढणे आणि ब्रेकचे रबर बदलणे. नफा गेला, श्रम उरले.

त्यातच हौशी ग्राहक गिअरची सायकल ऑनलाइन मागवतो आणि जोडणीसाठी मात्र याच दुकानात आणतो! तिचे फ्रीव्हील निराळे, टायरचे माप निराळे. जुन्या काळ्या सायकलचे सुटे भाग तर ठेवावेच लागतात. एवढा माल भरण्यास खेळते भांडवल हवे. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरील वस्तू व सेवा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला खरा, पण ज्याची विक्रीच आटली त्याला त्याचे काय?

मुद्रा योजनेतील 50 हजारांपर्यंतचे विनातारण ‘शिशु’ कर्ज अशा दुकानास पुरेसे ठरावे. अडचण अशी की, हवा-पंक्चरच्या सुट्या नाण्यांची नोंद कोणत्याच वहीत नसते. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेने 18 व्यवसायांना 5 टक्के व्याजाचे कर्ज आणि अवजारांसाठी 15 हजारांचे साहाय्य देऊ केले. त्या यादीत लोहार, न्हावी, चर्मकार आहेत. सायकल दुरुस्त करणारा नाही. हातांच्या कसबावर जगणाऱ्या या कारागिरास वगळणे अनाकलनीय आहे.

शासनाने प्रत्येक मोफत सायकलबरोबर दोन वर्षांच्या दुरुस्तीची कुपने द्यावीत आणि दुकानदाराने ती बँकेत वटवावीत. मुलीची सायकल तुटक्या चेनपायी भिंतीशी पडून राहणार नाही. दुकानदाराच्या खात्यात नोंदी होतील आणि कर्ज मागताना दाखवण्याजोगी उलाढाल प्रथमच कागदावर येईल.