हरणाला नुसती माया पुरत नाही

हरीण म्हटले की आपण एकदम हळवे होतो. शकुंतलेचा पदर ओढणारे पाडस आणि सीतेला भुरळ घालणारा मृग लहानपणापासून आपल्या मनात घर करून असतात. त्यामुळे स्कॉटलंडमध्ये हरणांची काळजी वाहणारी मंडळेच दरवर्षी किती हरणे मारायची याचा आकडा ठरवतात, हे मी घरी सांगितले तेव्हा जेवताना सगळेच गप्प झाले. ‘रक्षणासाठी मारायचे?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र वाटते तितके क्रूर नाही.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात तांबड्या हरणांचे मोठे कळप आहेत. त्यांना खाणारा लांडगा सुमारे तीनशे वर्षांपूर्वी माणसानेच संपवला आणि कळप वाढत राहिले. भुकेली हरणे पाइन, बर्च यांची कोवळी रोपे खुडून टाकतात. म्हातारी झाडे उभी, पण त्यांच्या पायाशी एकही रोप नाही, अशी राने तेथे दिसू लागली. झाडी नाही म्हणून आडोसा नाही, आडोसा नाही म्हणून कडक हिवाळ्यात अशक्त हरणे दगावतात. वाढत्या संख्येची शिक्षा शेवटी हरणालाच होते.

तेथील कायद्याने रानातले जिवंत हरीण कुणाच्याच मालकीचे नाही. मारण्याचा हक्क मात्र जमिनीच्या मालकाला असतो. कळप आज याच्या डोंगरावर, उद्या शेजाऱ्याच्या. एकाला पैसे मोजणाऱ्या शिकारी पाहुण्यांसाठी मोठ्या शिंगांचे नर हवेत, तर दुसऱ्याला झाडे वाढवायची म्हणून हरणे कमी हवीत. म्हणून एका भागातले जमीनमालक, वनवाले आणि राखणदार एकत्र बसतात. हीच ती मंडळे. माणसे डोंगर चढून किंवा हेलिकॉप्टरमधून छायाचित्रे घेऊन कळप मोजतात, रोपांची नासाडी तपासतात, आणि मग कुणी किती हरणे कमी करायची ते ठरते. पाडसे तान्ही असताना मादी मारायला बंदी असते. मांस वाया जात नाही, बाजारात विकले जाते. १९९२ साली या मंडळांची मध्यवर्ती संघटनाही उभी राहिली.

सारे गोडीगुलाबीने चालते असे नाही. मंडळात येणे ऐच्छिक, आणि जमीनदाराचा आवाज गावकऱ्यापेक्षा मोठा. १९९० साली पाच लाख असलेली सर्व जातींची हरणे आता दहा लाखांच्या घरात गेली, असा सरकारी अंदाज आहे. २००४ साली ग्लेनफेशी खोऱ्यात सरकारी आयोगाने हेलिकॉप्टरची मदत घेऊन तातडीने हरणे मारली, तेव्हा राखणदारच निषेधाला उभे राहिले. संख्या कमी ठेवल्यावर त्याच खोऱ्यात पाइनची नवी पिढी वर आली, हेही खरे. वेळेवर बसून ठरवले नाही की उपाय असा कठोर होतो, एवढा बोध मी त्यातून घेतो.

आपल्याकडे बंदूक उचला, असे मला मुळीच म्हणायचे नाही. आपला १९७२ चा वन्यजीव कायदा वेगळा आणि आपल्याकडे वाघ, बिबटे, लांडगे अजून आहेत. उचलायची आहे ती एकत्र बसण्याची रीत. कर्जत तालुक्यातले रेहेकुरी अभयारण्य १९८० साली काळविटांसाठी राखले गेले. क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. काळवीट शास्त्राप्रमाणे कुरंग, पण बोलण्यात आपले हरीणच. त्याला हद्द कळत नाही. कळप पिकात उतरतो, शेतकरी राखणीला रात्र जागून काढतो आणि पीक गेल्यावर पंचनाम्याची वाट पाहतो.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री आपल्या जंगलांत पाणवठ्यांवर प्राणी मोजतात. हौशी मंडळींना ती रात्र आनंदाची असते. पण ते आकडे आणि शेतकऱ्याच्या नुकसानीचा हिशेब एकत्र मांडून वनखाते, शेतकरी आणि मेंढपाळ वर्षातून एकदा तरी एका सतरंजीवर बसायला हवेत. कुरण कुठे राखायचे, पाणी कुठे ठेवायचे, भरपाई किती दिवसांत द्यायची, हे तेथेच ठरावे. फोटो काढून परतणाऱ्या आपणा शहरवाल्यांनीही त्याचा खर्च उचलावा. हरीण आपल्या सर्वांचे असेल, तर त्याने खाल्लेली ज्वारीही आपल्या सर्वांच्या खात्यावर पडायला हवी.