आर्ट्‌समधले गणित

‘आर्ट्‌सला येऊन गणित कशाला?’ असे मला वर्गात विचारतात. घरी असे विचारणारे कोणी नाही. कॉलेज पाहणारा मीच पहिला. परंतु ज्याच्या घरात पुस्तक नाही त्याने पोटापाण्याचेच विषय घ्यावेत, हा सल्ला मला मुळीच मान्य नाही.

गणित म्हणजे आकडेमोड नव्हे. सगळ्या वास्तव संख्या बेरजेसह घेतल्या की एक संस्थितीय गट होतो. दर 24 तासांनी तीच किंमत देणाऱ्या संतत फलनाला ती अनंत रेषा लागतच नाही. आधी रेषा घड्याळाच्या तबकडीवर गुंडाळावी, मग तबकडीवरून किंमत वाचावी. (शाळेतले अवयव गुणाकाराचे, हे एकापाठोपाठ एक लावायचे.) संहत गट कितीही अवाढव्य असो, त्यावरचे प्रत्येक वास्तव संतत फलन अंतर मोजता येईल अशा एखाद्या भागफल गटावरून नेता येते. काय सोडले तरी चालते, हे इतके नेमके दुसरा कोणता विषय सांगतो?

संस्थितीय गटांवर 1938 साली ग्रंथ लिहिणारे रशियन गणिती पोंत्र्यागिन 14 व्या वर्षी स्फोटात आंधळे झाले. शिवणकाम करणारी त्यांची आई त्यांना गणिताची पुस्तके वाचून दाखवी. चिन्हांची नावे तिला ठाऊक नव्हती. जशी दिसत तशी ती सांगे.