परळची वाट आणि यंत्राची दृष्टि

बदलापुराहून परळ आगगाडीनें सुमारें साठ किलोमीटर आहे. गाडी वेळेवर असली तर दीड तासांत माणूस पोंचतो. परंतु स्तनांतील लहानशी गाठ प्रथम हातास लागल्यापासून ती डॉक्टरांस दाखविण्यापर्यंत जो काळ जातो, त्याचें वेळापत्रक कोणत्याहि स्टेशनावर लावलेलें नसतें. कर्करोगावर कृत्रिम बुद्धीचा उपाय सांपडल्याच्या बातम्या हल्लीं घरोघरीं मोठ्या आशेनें वाचल्या जातात. त्या वाचतांना हीं दोन अंतरें निरनिराळीं आहेत, एवढें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं तिन्ही गांवें एकाच लोहमार्गावर ओळीनें वसलेलीं. उल्हासनगरास मध्यवर्ती रुग्णालय आहे, अंबरनाथास छाया रुग्णालय आहे, खासगी दवाखाने तर गल्लोगल्लीं. ताप, बाळंतपण, मोडलेलें हाड येथें निभतें. कर्करोगाची शंका आली कीं मात्र बहुतेक कुटुंबें परळची वाट धरतात. तेथील टाटा स्मारक रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजीं उघडलें. पुढें खारघर येथेंहि त्याचें केंद्र झालें. एका फेरींत रुग्णाचा व सोबत्याचा असे दोन दिवस खर्ची पडतात, आणि फेरी एकच कधीं नसते. तपासणी, तुकडा काढणें, त्याच्या अहवालाची प्रतीक्षा, मग उपचार! रोजावर काम करणारा माणूस तिसऱ्या फेरीस कचरतो, ह्यांत नवल नाहीं.

आपल्या एकत्र कुटुंबांत पहिला अडथळा आगगाडीच्याहि अलीकडे, माजघरांत असतो. सासूबाईंचें पथ्य, मुलांच्या परीक्षा, चातुर्मासांतील व्रतें. सुनेच्या तपासणीस सवड म्हणून मिळत नाहीं. शिवाय गाठ दुखत नाहीं. दुखत नाहीं म्हणून निरुपद्रवी, हा समज फार घातक आहे. आरंभींची कर्काची गाठ बहुधा दुखत नाहींच. ‘आमच्या घरीं तंबाखूस कोणी शिवत नाहीं’ हें समाधानहि अपुरें. पहिलें मूल उशिरा, मुलें थोडीं, अंगावरचें दूध थोडे दिवस, ह्या गोष्टींनीं स्तनाच्या कर्करोगाचा संभव वाढतो, आणि त्या सुशिक्षित घरांतच अधिक आढळतात. (मुलींनीं शिकूं नये असा निष्कर्ष ह्यावरून काढावयास एखादे काका टपलेले असतील, त्यांस आमचा आधींच नकार.)

मुंबईंतील एक प्रयोग येथें सांगण्याजोगा आहे. 1998 सालीं टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं झोपडपट्ट्यांतील सुमारें दीड लाख स्त्रियांचे दोन गट केले. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना कांहीं आठवड्यांचें शिक्षण देऊन एका गटांतील स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची तपासणी दर दोन वर्षांनीं करविली. साधन काय, तर सिरक्यांतलें असेटिक आम्ल, पाण्यानें सौम्य केलेलें! तें लावल्यावर संशयास्पद भाग मिनिटभरांत पांढरा दिसूं लागतो. 2013 सालीं निष्कर्ष जाहीर झाला: ह्या गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें होणारे मृत्यु 31 टक्क्यांनीं कमी झाले होते. सिरका स्वस्त होता हें खरें. पण घरोघर जाऊन बायकांस बोलावून आणणाऱ्या त्या सेविका नसत्या तर तो बाटलींतच राहिला असता.

आतां यंत्राकडे वळूं. ज्या रुग्णांचें पुढें काय झालें हें ठाऊक आहे, त्यांचीं हजारों छायाचित्रें यंत्रास दाखवितात. त्यांतून संशयाचीं चिन्हें ओळखावयास तें शिकतें. स्वीडनमध्यें 80 हजार स्त्रियांच्या स्तनांच्या क्ष-किरण चित्रांवर ह्याची परीक्षा झाली. 2023 सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें दोन डॉक्टरांनीं वाचण्याच्या नेहमींच्या पद्धतींत 203 रुग्ण सांपडल्या, यंत्राच्या साह्यानें 244; आणि डॉक्टरांचें वाचनाचें काम 44 टक्क्यांनीं घटलें. निष्णात डोळे जेथें मोजके, तेथें हें साह्य मोठेंच. परंतु स्वीडनमधील स्त्रीस तपासणीचें बोलावणें घरीं येतें. शिवाय आपल्याकडे हा रोग पुष्कळदां तरुण वयांत होतो, आणि त्या वयांतील दाट स्तनांचीं चित्रें वाचावयास कठीण असतात. गर्भाशयमुखाच्या चित्रांवर 2019 सालीं यंत्रानें उत्तम यश दाखविलें. पुढें निराळ्या कॅमेऱ्यांनीं काढलेल्या चित्रांवर तें यश टिकविणें अवघड असल्याचें संशोधकांसच आढळून आलें. तेव्हां परदेशीं पढविलेलें यंत्र येथील स्त्रियांवर पारखून घेतल्याविना अंबरनाथास आणून बसवूं नये, असें आमचें मत आहे.

पारखलेलें यंत्र मात्र अवश्य यावें. चित्र त्याच दिवशीं वाचून खरोखर संशयित तेवढ्यांनाच परळास धाडतां आलें, तर कित्येक फेऱ्या वांचतील. त्याहून साधें काम म्हणजे अहवाल आला असूनहि परत न आलेल्या रुग्णांची यादी रोज काढून त्यांस फोन करविणें. ह्यास फारशी बुद्धिहि लागत नाहीं, तरी प्रथम हेंच व्हावें.

तोंवर, तीन आठवड्यांत न भरणारी तोंडांतील जखम, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव आणि न दुखणारी गाठ, ह्यांपैकीं कांहींहि दिसल्यास घरांतील वडीलधाऱ्यांनीं स्वतः पुढाकार घेऊन दिवस ठरवावा. महात्मा फुले जनआरोग्य योजना गरिबांचीच, असें समजून पुष्कळ मध्यमवर्गीय घरें तिची चौकशीहि करीत नाहींत; 2023 सालच्या शासननिर्णयानें ती पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांसहि खुली झाली आहे. शिधापत्रिका व आधारपत्र पहिल्याच फेरीस बरोबर न्यावें. लोकलगाडींत दिव्यांगांच्या डब्यांत कर्करोग्यांस बसूं देतात. त्यासाठीं रुग्णालयाचा दाखला जवळ असावा.