सीट हलते? आधी खाली वाकून बघा



धानाचे चुकारे हाती आले, की पूर्वी आपल्याकडे गोठ्यात नवी जोडी यायची किंवा घरावर टिना चढायच्या. आता बऱ्याच दारांत जुनी, म्हणजे दुसऱ्याने काही वर्षे वापरलेली मोटारगाडी उभी राहते. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. रात्रीबेरात्री अडलेली बाई किंवा दम लागलेला म्हातारा गडचिरोलीला न्यायचा, तर दारची गाडी ही चैन नव्हे. या सदरात एरवी खोडकिडा, तुडतुडे आणि युरियाची मात्रा यांचीच चर्चा होते. पण शेतकऱ्याच्या घरात जे यंत्र येते त्याची विचारपूस शेवटी आमच्याकडे येतेच. यंदा ती गाडीच्या सीटची आली.

चामोर्शी तालुक्यातल्याच एका शेतकरी बंधूंनी जानेवारीत एका विक्रेत्याकडून लहान गाडी घेतली. इंजिन ऐकले, टायर पाहिले, कागद पाहिले. सीटवर नवे कोरे रेक्झिनचे कव्हर होते, त्यामुळे तिकडे नजर गेली ती समाधानानेच. पंधरा दिवसांनी त्यांचा मुलगा बाळंतपणाला माहेरी आलेल्या बहिणीला तपासणीसाठी घेऊन निघाला. वाटेत गाय आडवी आली. त्याने जोरात ब्रेक दाबला आणि सीट त्याच्यासकट मागे सरकली. पाय ब्रेकवरून निसटला. गाय वाचली, कारण तीच पळाली. दुसऱ्या दिवशी वडील मला म्हणाले, "ब्रेक मारला का सीटच मांगं जाते जी साहेब. मांगून एक वीट लावून देतो म्हणतो."

वीट लावायची नाही. हे आधी सांगतो, कारण विटेचा, लाकडी ठोकळ्याचा आणि पोत्याच्या घडीचा उपाय मी अनेक गाड्यांत पाहिला आहे. धक्क्याने वीट हलते, घरंगळते आणि नेमकी ब्रेकच्या पायाखाली येऊ शकते.

यात झाले काय, ते समजून घ्या. आपण पायाने ब्रेक जितका दाबतो, तितकाच तो आपल्याला मागे ढकलतो. तो रेटा कमरेतून सीटवर आणि सीटमधून गाडीच्या तळावर जातो. सीट तळाला घट्ट असेल तर ब्रेक लागतो. नसेल तर आपणच मागे जातो. म्हणजे जितकी घाई, तितका ब्रेक कमी. चढावर आणि गाडी झटक्याने पुढे निघताना हेच होते, आणि माणूस सावरण्यासाठी स्टिअरिंगला लोंबकळतो, मग गाडी भलतीकडे वळते. दुसरी गोष्ट पट्ट्याची. पुष्कळ गाड्यांत पट्टा ज्या खटक्यात अडकवतो, तो खटका सीटलाच बोल्टने बसवलेला असतो. सीट सैल असली तर पट्टाही तितकाच सैल समजावा. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी झाडावर आदळली, तर आतल्या माणसाला बसणारा तडाखा सुमारे 10 मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो. मोठ्या मोहाच्या निम्म्या उंचीवरून पडल्यासारखाच म्हणा. त्या वेळी आपल्याला गाडीला धरून ठेवणारे काय, तर चार बोल्ट आणि दोन रूळ.

मोठ्या कंपन्यांनाही ही बाब हलकी वाटत नाही. एप्रिल 2014 मध्ये टोयोटाने जगभरातल्या 60 लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्याची कारणे अनेक होती, पण त्यांतले एक होते सीटच्या रुळातली स्प्रिंग. ती तुटली तर सीट जागेवर अडकत नव्हती.

आता गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद ठेवा, हातब्रेक ओढा आणि टॉर्च घेऊन खाली वाका. सीट दोन लोखंडी रुळांवर बसलेली दिसेल. गॅरेजवाले त्यांना स्लायडर म्हणतात. पुढच्या दांडीने सीट मोकळी होते आणि दांडी सोडली की दोन्ही रुळांत दात अडकून 'खट्' असा आवाज येतो. हा आवाज दोन्ही बाजूंनी यायला हवा. एकाच बाजूचा दात अडकला तरी सीट बसल्यासारखी वाटते, साध्या चालीत जाणवतही नाही, आणि जोराचा ब्रेक लागला की दगा देते. म्हणून दांडी सोडल्यावर सीटवर बसून कमरेने पुढे-मागे रेटा द्यावा, आणि ही परीक्षा तीन-चार वेगवेगळ्या जागी सीट सरकवून करावी. मग पाठीचा वरचा भाग दोन्ही हातांनी धरून हलवावा. फक्त पाठ हलत असेल तर दोष पाठीच्या सांध्यात. अख्खी सीट हलत असेल तर रुळात किंवा तळाच्या बोल्टमध्ये. बोल्टभोवतीचा पत्रा बोटाने दाबून पाहावा. गंजून पापुद्रे सुटत असतील तर बोल्ट कितीही आवळा, तो कुजक्या खुंट्याला बैल बांधल्यासारखाच.

त्या बंधूंच्या गाडीत निघाले ते असे. डाव्या रुळात चिखल आणि चक्क धान होते. आधीचा मालकही शेतकरीच असावा, पोती वाहिलेली गाडी. दाणे दातांत दबून खडे झाले होते. ते ब्रशने आणि बारीक काडीने काढल्यावर डावी बाजू अडकू लागली. उजवीकडे मात्र दांडीपासून दातापर्यंत जाणारी तारच तुटलेली होती. ते काम घरचे नव्हे. चंद्रपूरहून त्याच मॉडेलचा रूळ आणून मेकॅनिकने बसवला. विक्रेत्याने आधी "नवे कव्हर फुकट देतो" म्हणून पाहिले, पण तुटलेल्या तारेचा फोटो पाहिल्यावर निम्मा खर्च दिला.

घरी करण्यासारखे आहे ते साफसफाईचे काम. रुळातली माती, दाणे, नाणी, मुलांनी टाकलेल्या बिया काढाव्यात, कोरड्या फडक्याने पुसावे आणि अगदी थोडे पातळ वंगण द्यावे. बोटभर ग्रीस थापण्याची आपल्याला हौस असते, ती इथे नको. रस्त्याची धूळ आणि धानाचा कोंडा त्याला चिकटून रूळ झिजतो. बोल्ट सैल असेल तर आवळावा, पण नवा घालायचा झाला तर हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही चालत नाही. मूळ बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असे आकडे कोरलेले असतात, तो त्याच्या ताकदीचा दर्जा. नवा बोल्ट त्याच जाडीचा, त्याच आट्यांचा आणि त्याच दर्जाचा घ्यावा.

वेल्डिंगच्या बाबतीत मी जरा कडक बोलणार आहे. ग्रिल आणि ट्रॉल्या जोडणाऱ्या कारागिराकडे गाडी नेऊन "सीट एका जागी कायमची जोडून टाक" म्हणणारे लोक आहेत. पुष्कळ लहान गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटच्या खालच्या बाजूला असते, इंधनाची नळी तळाखालून पुढे जाते, आणि सीटचा फोम व खालचा गालिचा ठिणगीने पेट घेतात. शिवाय एका जागी जोडलेली सीट उंच बापाला बेतली तर बुटक्या मुलीचा पाय क्लचपर्यंत पोहोचत नाही. तळाचा पत्रा गंजला असेल तर तो भाग कापून नवा जाड पत्रा बसवणे हे गाडीची बॉडी करणाऱ्या जाणत्या माणसाचे काम. तेही सीट, गालिचा बाहेर काढून आणि बॅटरी सोडून.

बॅटरीची आठवण दुसऱ्या कारणानेही ठेवा. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग आणि पट्टा न लावल्यास वाजणारी सूचना सक्तीची झाली. अशा गाड्यांच्या सीटखाली तारा असतात, आणि काहींत सीटच्या पाठीतच एअरबॅग असते. पिवळ्या आवरणाची तार दिसली की ती ओढू नये, तोडू नये. सीट काढायचे काम कंपनीच्या केंद्रावर द्यावे. पाठीच्या कडेला एअरबॅगची पट्टी शिवलेली असेल तर त्यावर साधे कव्हर चढवू नये, एअरबॅग उघडायला वाट राहत नाही.

ओम्नीसारख्या गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली असते. तिथपर्यंत पोहोचायला सीट उचलावी लागते, म्हणून काम झाल्यावर खटका पक्का लागला का, हे प्रत्येक वेळी हाताने ओढून पाहावे.

गादी खचली असेल तर वरून उशी ठेवणे हा सर्वांचा आवडता उपाय. तो लांबच्या प्रवासात कंबरही धरतो आणि धोकाही वाढवतो: सुटी उशी सरकते, माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि पट्टा ओटीपोटावर चढतो. पट्टा कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. गरोदर बाईच्या बाबतीत तर पोटाच्या खालूनच. त्यापेक्षा फोम बदलून घ्यावा, तुटलेली स्प्रिंग जोडून घ्यावी.

सीट बाहेर काढलीच आहे तर गाडीचा पूर्वेतिहासही वाचून घ्या. सीटच्या स्प्रिंगांना सगळीकडे सारखा गंज, बोल्टच्या खाचांत गाळ आणि गालिच्याखाली कुबट वास असेल तर गाडी पाण्यात बुडालेली असण्याची दाट शंका घ्यावी. 2015 साली चेन्नईत आणि 2019 साली कोल्हापूर-सांगलीत आलेल्या पुरांत असंख्य गाड्या बुडाल्या. अशा गाड्यांचे लिलाव होतात, त्या धुऊन-पुसून दूरच्या जिल्ह्यांत विकायला येऊ शकतात. तिथे प्रश्न सीटचा राहत नाही, सगळ्या तारांचा होतो, आणि अशी गाडी परत करण्याचाच आग्रह धरावा.

आता विक्रेत्याचे. दोष दिसताच, काहीही खोलण्याआधी फोटो काढा, आणि तोंडी न बोलता लेखी कळवा. मोबाइलवरचा संदेशही उपयोगी पडतो. कायदा आपल्या बाजूने आहे, पण पुरता नाही, हे स्पष्ट सांगतो. 1930 च्या माल विक्री कायद्यात घेणाऱ्याने बघून घ्यावे असेच मूळ तत्त्व आहे, आणि जो दोष साध्या तपासणीत दिसला असता त्याबद्दल नंतर तक्रार केली तर विक्रेता "तुम्ही बसून पाहिली होती" म्हणणारच. गंज किंवा तुटका भाग मुद्दाम झाकला असेल तर गोष्ट वेगळी. धंदा म्हणून गाड्या विकणाऱ्याविरुद्ध 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे आपल्यासाठी गडचिरोलीला, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. त्याआधी 1915 या क्रमांकावर फोन करून पाहावा. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते, ते खरेदीच्या वेळीच मागून बघावे. गावातल्या गावात ओळखीच्या माणसाकडून गाडी घेतली असेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग नाही. तिथे एखादा वडीलधारा मध्ये घालून खर्च वाटून घेणेच शहाणपणाचे. आणि निकाल लागेपर्यंत तशीच गाडी चालवत राहू नये, दुरुस्ती आधी. कंपनीने तुमचे मॉडेल परत बोलावले आहे का, हे तिच्या केंद्रावर चासी क्रमांक देऊन विचारावे. तसे असेल तर मालक दुसरा असला तरी ते काम फुकट होते.

दुरुस्तीला नेताना वाटेत सीट सरकलीच तर स्टिअरिंगला धरून स्वतःला पुढे ओढू नका. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी सरळ धरा, हातब्रेक हळूहळू ओढत डावीकडे थांबा.

जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यांनीही हेच पाहावे. तिथे सीटखाली चालकाच्या वजनाप्रमाणे स्प्रिंग कमी-जास्त करण्याची मूठ असते. बहुतेक ट्रॅक्टरांत ती गंजून अडकलेली सापडते आणि दिवसभराच्या चिखलणीचे सगळे हादरे मणक्यात जातात. तेल सोडून एक रात्र ठेवली, तर पुष्कळदा ती फिरू लागते.