हत्यारांची हळहळ आणि जुने रंधायंत्र

वाकस, पटाशी, सामता हे शब्द एखाद्या ललित लेखात आले की आपण मराठीचे वाचक हळहळतो. एक जग बुडाले, असे म्हणतो. ही हळहळ आम्हांला अपुरी वाटते. तिला शब्द दिसतो, शब्दाचा धनी दिसत नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. बलुतेदाराचे काम कोणते आणि त्याला मिळते काय, असा रोखठोक हिशेब त्यात आहे. तोच प्रश्न आज हिंगोली जिल्ह्यातल्या सुताराला विचारून पाहावा. लाकडी नांगर आणि बैलगाडी यांवरचे त्याचे बलुते संपले. चौकटी, दारे, दिवाण यांचे काम उरले. वेगवेगळी यंत्रे घेण्याइतके भांडवल नाही आणि जागाही नाही. म्हणून तो वापरलेले जोडयंत्र शोधतो : एकाच सांगाड्यावर वर रंधा, खाली जाडी काढण्याची सोय, बाजूला गोल करवत आणि भोक पाडण्याचा टेबल.

अशा खरेदीत पारख लागते. पात्यांचा रूळ हाताने फिरवून बेअरिंग ढिले आहे का, हे पाहावे लागते. ओतीव टेबल सपाट आहे का, हे सरळ पट्टी लावून तपासावे लागते. मोटार थ्री-फेजची असेल आणि दुकानात सिंगल-फेज वीज असेल, तर स्वस्त यंत्रही महाग पडते. करवतीवरचे झाकण जुन्या यंत्रातून बहुधा काढून टाकलेले असते. ते नसेल तर किंमत बोटांनी मोजावी लागते. शिवाय एक काम चालू असताना दुसरे थांबते, प्रत्येक बदलाला जुळवाजुळव करावी लागते. तरीही एकट्या कारागिराला हा सौदा परवडतो, असे आमचे मत आहे. मात्र रूळ, टेबल आणि झाकण यांबाबत त्याने तडजोड करू नये.

सरकारी भाषाही आपल्या हळहळीपासून फार दूर नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना हात आणि अवजारे यांनी काम करणाऱ्याला कारागीर मानते. अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात; त्यांत हातहत्यारे येतात, असे यंत्र येणे कठीण. पहिल्या टप्प्यातले ५ टक्के व्याजाचे १ लाखापर्यंतचे कर्ज त्याला अधिक उपयोगी आहे.

याच जिल्ह्यातले नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेव शिंपी समाजातले. शिंप्याने सुईदोरा बाजूला ठेवून शिवणयंत्र घेतले तेव्हा परंपरा बुडाल्याची ओरड फारशी झाली नाही. मग सुतारानेच वाकस धरून का बसावे? 'रंधा' हा शब्द यंत्रावर चढून जिवंतच राहिला आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी जुन्या हत्यारांच्या याद्या जरूर कराव्यात. पण त्याआधी चालू दुकानात जाऊन सुतार आज कोणते शब्द वापरतो, हे टिपून आणावे.