पात्रांचे पुनरागमन आणि वाचकाचे सुतक

२०२५ च्या एप्रिल महिन्यात ‘सी.आय.डी.’ या हिंदी मालिकेतील एसीपी प्रद्युम्न यांचा बॉम्बस्फोटात मृत्यू झाल्याचे दाखविण्यात आले. १९९८ पासून वीस वर्षे चाललेली ही मालिका २०२४ च्या डिसेंबरात नव्याने सुरू झाली होती. शिवाजी साटम या मराठी नटाने उभा केलेला हा अधिकारी ज्यांनी शाळकरी वयापासून पाहिला होता, ती पिढी आता नोकरी-संसाराला लागली आहे. त्यामुळे कचेरीच्या मधल्या सुट्टीत आणि शिक्षकांच्या खोलीत घरचे कोणी गेल्यासारखी हळहळ व्यक्त झाली. थोड्याच आठवड्यांत प्रद्युम्न परत आले. आनंद झाला खरा, पण त्या आनंदात थोडा ओशाळेपणाही मिसळला होता. आधी मनापासून हळहळलेला माणूस आता ‘मला ठाऊकच होते’ असे म्हणू लागला. आपले दुःख कोणी तरी फुकट खर्ची घातले, ही भावना लपविण्याचा तो एक मार्ग होता.

प्रसंग करमणुकीचा असला तरी त्यातून निघणारा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. कथेत मारलेल्या पात्राला पुन्हा जिवंत करण्याचा अधिकार कथाकाराला आहे काय? असल्यास तो कोणत्या अटींवर?

आपल्याकडे घरात मृत्यू झाला की सुतक पाळतात. त्यामागील शुद्धाशुद्धतेच्या कल्पना आज कोणी मानो वा न मानो, दुःखाला काही दिवस मोकळे ठेवावे आणि मग माणसाला संसाराकडे परत आणावे, हे त्यातील शहाणपण नाकारता येत नाही. वाचकही असे एक सुतक पाळत असतो. कीर्तनकार चक्रव्यूहाची कथा लावतो तेव्हा अभिमन्यू पडणार हे श्रोत्यांना ठाऊक असते, तरीही पदराने डोळे टिपले जातात. हे अश्रू श्रोत्याने कथाकाराच्या हवाली केलेली ठेव होय. ठेव स्वीकारणाऱ्यावर विश्वस्ताची जबाबदारी येते.

पात्राला मारून परत आणण्याचे जगातील सर्वांत गाजलेले उदाहरण शेरलॉक होम्सचे. ऐतिहासिक कादंबऱ्या हेच आपले खरे कार्य, अशी आर्थर कॉनन डॉयलची समजूत होती. होम्स त्या कार्याच्या आड येत होता. तेव्हा १८९३ च्या डिसेंबरात ‘स्ट्रँड’ मासिकातील एका कथेत त्याने होम्सला स्वित्झर्लंडमधील रायखेनबाख धबधब्यावर नेले आणि मोरियार्टी या शत्रूसह दरीत लोटून दिले. वीस हजारांहून अधिक वर्गणीदारांनी मासिक बंद केले असे सांगतात. लेखक मात्र आठ वर्षे बधला नाही. १९०१ मध्ये ‘बास्करव्हिलचा कुत्रा’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा तीत होम्स होता, पण ती हकिकत त्याच्या मृत्यूपूर्वीची म्हणून सांगितलेली होती. पुढे एका अमेरिकन प्रकाशकाने भरघोस मोबदला देऊ केला आणि १९०३ मध्ये होम्स खरोखरच परतला. तो दरीत पडलाच नव्हता, असा खुलासा करण्यात आला.

या पुनरागमनाच्या कथेत एक बारीक पण बोचरी गोष्ट आहे. म्हाताऱ्या पुस्तकविक्याच्या वेषात होम्स डॉक्टर वॉटसनच्या खोलीत येतो आणि वेष उतरवतो. वॉटसन मूर्च्छित पडतो. शुद्धीवर आल्यावर त्याला कळते की, ज्या मित्रासाठी आपण तीन वर्षे शोक केला तो हिंडत-फिरत होता. एवढेच नव्हे, तर होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट याला ते प्रथमपासून ठाऊक होते. सख्ख्या भावाला सांगितले आणि सख्ख्या मित्राला सांगितले नाही! दरम्यान वॉटसनवर घरच्या मृत्यूचाही घाला पडून गेला होता. लेखकाने तो दोन-चार शब्दांत उरकला आहे. वॉटसनने या तीन वर्षांचा हिशेब मागावयास हवा होता. तो मागत नाही. आनंदाने शस्त्र उचलून त्याच रात्री मोहिमेवर निघतो. जगभरच्या वाचकांनीही तेच केले. होम्सच्या कथा पुढे १९२७ पर्यंत येत राहिल्या आणि आपणही त्या आवडीने वाचल्या. पण वॉटसनच्या तीन वर्षांचे काय, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

यावरून पुनरागमनाच्या दोन वाटा दिसतात. एक, मृत्यूला धक्का न लावता काळात मागे जाण्याची. दुसरी, मृत्यू खोटाच होता असे सांगण्याची. पहिली वाट सरळ आहे. मराठीत अलीकडे तिचा चांगला प्रत्यय आला. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ मध्ये सुरू झाली ती अण्णा नाईकांच्या मृत्यूने. जो माणूस गेला आहे त्याची दहशत वाड्यात उरली आहे, हाच तिचा विषय होता. पुढे २०१९ च्या दुसऱ्या पर्वात मालिका मागे गेली आणि माधव अभ्यंकरांनी साकारलेले अण्णा सदेह उभे राहिले. हा माणूस कोणत्या गतीला जाणार हे प्रेक्षकाला ठाऊक होते. म्हणूनच त्याच्या प्रत्येक गुर्मीला आणि पापाला एक वेगळी छाया लाभली. मृत्यू रद्द झाला नाही, उलट त्याला अर्थ मिळाला. घरातील गेलेल्या माणसाविषयी आपणही असेच बोलत असतो. तो परत येत नाही, पण त्याच्या गोष्टी नव्याने सांगितल्या जातात.

दुसऱ्या वाटेवर मात्र दूरचित्रवाणी मालिकांची वर्दळ आहे. २००० मध्ये सुरू झालेल्या ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या मालिकेतील मिहिर २००१ मध्ये अपघातात गेला. प्रेक्षकांचा एवढा आक्रोश झाला की त्याला परत आणावे लागले. पुढे त्याच मिहिरचे काम निरनिराळ्या नटांनी केले, आणि २०२५ च्या जुलैत ती मालिकाच नव्या रूपात परतली. येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. मालिकेतील पात्राचे आयुष्य कथेच्या गरजेवर अवलंबून नसते. नटाच्या तारखा, त्याचे मानधन, वाहिनीचे दर आठवड्याचे आकडे यांवर ते चालते. पात्र मरते तेव्हा पुष्कळदा करार संपलेला असतो, आणि परत येते तेव्हा तो नवा झालेला असतो.

यावर कोणी म्हणेल की, आपल्या संगीत नाटकांत तरी काय होत होते? ‘वन्समोअर’ची गर्जना झाली की कथानक जागच्या जागी थांबे आणि नट तेच पद पुन्हा गाई. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण तेथे परत बोलावले जाई ते गाणाऱ्या नटाला, पात्राला नव्हे. पद संपले की नाटक होते तेथून पुढे चालू होई. प्रेक्षक आणि रंगभूमी यांच्यातील तो उघड व्यवहार होता, त्यात कोणाची फसवणूक नव्हती. मालिकेत आधी मरण खरे म्हणून विकले जाते आणि नंतर ते खोटे होते हेही विकले जाते. एकाच मालाची दोनदा किंमत घेण्याचा हा प्रकार आहे.

तर मग मेलेल्याला कथेत परत आणूच नये काय? तसे म्हणता येत नाही. कारण आपल्याकडे एक तिसरी वाट आहे, आणि ती खुद्द व्यासांनी घालून दिली आहे. महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात पुत्रदर्शनाचा भाग येतो. अठरा दिवसांच्या युद्धाच्या कोलाहलात तो सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. युद्धाला सोळा वर्षे झाली आहेत. धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती वनात राहत आहेत. पांडव त्यांच्या भेटीस आले आहेत. व्यास तेथे येतात. गांधारी त्यांना सांगते की, इतकी वर्षे लोटली तरी या वृद्ध राजाला पुत्रशोकाने झोप नाही. कुंती आपल्या कन्यावस्थेतील पुत्राची, कर्णाची, गोष्ट व्यासांपुढे उघड करते आणि त्याला एकदा पाहण्याची इच्छा बोलून दाखवते. व्यास सर्वांना गंगेच्या तीरावर नेतात. रात्र पडल्यावर ते पाण्यात उतरून हाक देतात, आणि कुरुक्षेत्रावर पडलेले सारे वीर सैन्यासह पाण्यातून वर येतात. भीष्म, द्रोण, दुर्योधन, कर्ण, अभिमन्यू, द्रौपदीचे पाचही पुत्र. धृतराष्ट्राला दिव्य दृष्टी लाभते आणि तो आपले पुत्र आयुष्यात प्रथमच पाहतो. पांडव कर्णाला भेटतात. त्या रात्री कोणाच्याही मनात वैर उरत नाही. पहाट होते आणि आलेले सर्व जण आल्या पाण्याने परत जातात.

जो या ग्रंथाचा कर्ता तोच या प्रसंगात पात्र होऊन उभा आहे, आणि ज्यांना त्याने अठरा पर्वांच्या ओघात मारले त्यांनाच तो हाक देतो आहे. लेखकाच्या सामर्थ्याचे याहून मोठे दृश्य कोठे सापडेल? आणि त्या सामर्थ्याचा वापर किती मोजका! युद्धाचा निकाल बदलत नाही. दुर्योधन राज्य मागत नाही. कर्ण नवी प्रतिज्ञा करत नाही. एक रात्र, आणि तीही ज्यांच्या मनात काही सांगावयाचे राहिले होते त्यांच्यासाठी. कुंतीला पुत्राला पुत्र म्हणून पाहावयाचे होते. पांडवांना थोरल्या भावाला भाऊ म्हणून भेटावयाचे होते. ते झाले. सकाळ झाल्यावर व्यासांनी कोणालाही मागे ठेवून घेतले नाही. ही सोपी भेटही नव्हती. त्या वीरांच्या पत्नींपैकी ज्यांना मागे राहणे नको होते त्या पहाटे त्याच पाण्यात उतरल्या, असे महाभारत सांगते. आजच्या मनाला तो भाग सहन होणारा नाही. पण मृतांना हाक देण्याची किंमत असते, एवढे व्यासांनी लपवले नाही.

व्यासांच्या या मर्यादेचे पालन मराठी लेखकांनीही केले आहे. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने १९६७ मध्ये कर्णाला परत बोलावले आणि त्याची कथा त्याच्याच तोंडून वदविली. कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन आणि कृष्ण यांनाही बोलते केले. ज्याला सारा जन्म सूतपुत्र म्हणून गप्प बसविण्यात आले त्याला बोलू देणे हा त्या पुनरागमनाचा हेतू होता. त्यासाठी कुरुक्षेत्रावरील मृत्यू पुसून टाकण्याची सावंतांना गरज भासली नाही. सोलापूर असो की सावंतवाडी, शेवट ठाऊक असलेले ते जाडजूड पुस्तक विद्यार्थ्यांनी रात्र-रात्र जागून वाचले आहे. शेवट ठाऊक असल्याने वाचकाचे मन उडते, ही समजूत यानेच खोटी ठरते.

‘गोष्टच ती! तिला एवढे धर्मशास्त्र कशाला लावता?’ असे विचारणारे असतील. शिवाय परत आणा असा धोशा वाचक-प्रेक्षकच लावतात, मग दोष एकट्या लेखकाला का? दुसरी गोष्ट मान्य केली पाहिजे. डॉयलला छळले ते वाचकांनी आणि मिहिरला उठवले ते प्रेक्षकांनी. परंतु मुलाने रडून मागितलेली प्रत्येक वस्तू आई देत नाही. तो का रडतो आहे, हे मात्र ती ओळखते. गेलेले पात्र परत मागणाऱ्या वाचकाला बहुधा ते पात्र कायमचे नको असते. त्याला एक निरोप घ्यावयाचा असतो. व्यासांनी ते ओळखले होते.

निरोप राहून जाणे म्हणजे काय, हे आपल्या पिढीला निराळे सांगावयास नको. २०२० आणि २०२१ च्या साथीत किती तरी घरांना आपल्या माणसाचे अखेरचे दर्शन घडले नाही. रुग्णालयाच्या दारातून आत गेलेला माणूस पुन्हा दिसलाच नाही. त्या घरांतील कोणाला विचारा, व्यासांच्या त्या एका रात्रीसाठी तो काय देईल. आणि हे सोलापूर शहर तर न परतणाऱ्या गोष्टींशी परिचित आहे. ज्या गिरण्यांच्या भोंग्यांवर येथील घड्याळे लावली जात त्या गेल्या शतकात एकेक करून थंडावल्या. कामगारांनी पुष्कळ वर्षे वाट पाहिली. गिरणी पुन्हा सुरू होणार, अशा बातम्या किती वेळा उठल्या आणि विरल्या! खोट्या पुनरागमनाची आशा माणसाला कशी कुरतडते, हे ज्या घरांनी अनुभवले, त्याच घरांत संध्याकाळी या मालिका लागतात.

म्हणून कथाकारांना एवढीच विनंती करावीशी वाटते. पात्राला मारावयाचे असेल तर खुशाल मारा, पण त्याचे मरण खरे असू द्या. परत आणावयाचे असेल तर कोणासाठी आणतो आहोत आणि कोणते बोलणे राहिले आहे, याचा आधी विचार करा. ते बोलणे झाले की त्याला जाऊ द्या. शिक्षकांनीही वर्गात महाभारत सांगताना अठराव्या दिवशी थांबू नये. गंगेच्या तीरावरील ती रात्रही मुलांना सांगावी. गेलेले माणूस राहावयास येत नसते, आणि तरीही त्याला भेटावेसे वाटण्यात काही कमीपणा नाही, या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच कथेतून कळतील.